आय आधीच जागी असते

जून उजाडला की महाडमधल्या माझ्या दवाखान्यात पोटदुखीची मुलं येऊ लागतात. सोनोग्राफी झालेली, रक्त तपासलेलं, फाइल जाडजूड आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल. मी मानसशास्त्रज्ञ आहे, गोळ्या देत नाही, हे कळल्यावर निम्मे पालक खट्टू होतात.

गेल्या पावसाळ्यात पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीतली नववीतली मुलगी आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील नोकरीला मुंबईत, गावी आई आणि आजी. पावसाचा जोर वाढला की हिच्या पोटात गोळा, छातीत धडधड, शाळेला दांडी. या वयाच्या प्रत्येक मुलाला मी एक प्रश्न विचारतेच, तो तिलाही विचारला : रात्री दोनला जाग आली, भीती वाटली, तर कोणाला उठवशील?

"आयला नको," ती म्हणाली. "ती आधीच जागी असते."

आई का जागी असते, हे या भागात कोणाला सांगावं लागत नाही. 22 जुलै 2021 ला तळियेवर दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या, महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याआधी 2005 मध्ये अशाच दरडी दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं. आजची नववीतली मुलं 2021 मध्ये नऊ-दहा वर्षांची होती. तेव्हापासून कित्येक घरांत जुलैच्या रात्री मोठी माणसं पावसाचा आवाज ऐकत पडून असतात. आणि मुलं मोठ्यांचा आवाज ऐकत.

ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलाच्या लळ्याचा अभ्यास केला. लळा म्हणजे नुसती माया नव्हे. भीती वाटली की मूल कोणाकडे धाव घेतं आणि तिथं शांत होऊन पुन्हा खेळायला जातं का, हा खरा मुद्दा. पौगंडावस्थेत ही धाव दिसेनाशी होते, संपत नाही. आर्म्सडेन आणि ग्रीनबर्ग यांनी 1987 मध्ये या वयासाठी जी प्रश्नावली केली, तीत आईवडील आणि मित्र या दोन्ही नात्यांत तीनच गोष्टी तपासल्या : विश्वास, संवाद, दुरावा. माझ्यासमोरच्या मुलीचा आईवर विश्वास पुरेपूर होता. संवाद मात्र तिनं स्वतःच बंद केला होता, आईवर आणखी ओझं नको म्हणून. अशी मुलं शहाणी म्हणून वाखाणली जातात. म्हणूनच ती उशिरा सापडतात.

वडील मुंबईला असणं हे तेवढ्यानंच काळजीचं कारण नसतं. चाकरमान्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या या मुलखानं पाहिल्या आहेत. मी फक्त रोजच्या फोनचा हिशेब विचारला. "जेवलीस का? अभ्यास झाला का? आयला दे." तीन वाक्यं. त्यात भीतीला जागाच नव्हती.

मग मैत्रीण? होती की. एसटीत पुढच्या थांब्यावर चढणारी, जिच्यासाठी ही खिडकीजवळची जागा धरून ठेवायची. चांगली मैत्री काळजीला उतार देते, हे खरंच. पण दरड पडून रस्ता बंद झाला की एसटी बंद आणि मैत्री मोबाइलवर. रात्री अकरापासून दोघी एकमेकींना पावसाचे व्हिडिओ आणि रेड अलर्ट पाठवत बसत. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी 2002 मध्ये नेमका हाच प्रकार मांडला : दोघी मिळून एकच काळजी पुन्हापुन्हा घोळवतात, त्यानं मैत्री घट्ट होते आणि मनही जड होत जातं. मैत्रीण तोडणं हा त्यावरचा उपाय नाही. आईचं काम मैत्रिणीवर पडलं होतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीला ते पेलणार कसं?

उलटाही प्रवाह असतो, हे विसरू नये. काळजी करणारं मूल शाळा बुडवतं, मित्रांना टाळतं, घरच्यांवर चिडतं. मग नाती विरतात आणि काळजी वाढते. दोष आईवडिलांच्या पदरात टाकून काही साधत नाही.

आम्ही फार मोठं काही केलं नाही. आईला बोलावलं. "ताई, तुम्ही घाबरत नाही असं दाखवू नका," मी म्हटलं. "पोरीला ते कळतंच. घाबरलात तर काय करता, ते तिला दाखवा." कागदपत्रांची पिशवी, टॉर्च, कोणत्या घरी जायचं, कोणी आजीचा हात धरायचा, हे दोघींनी मिळून ठरवलं. वडिलांच्या फोनमध्ये चौथा प्रश्न आला : "आज कसली भीती वाटली का?" मैत्रिणींचे व्हिडिओ रात्री नऊला बंद, गप्पा एसटीत.

एवढ्यानं भागत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत, मराठीत बोलता येतं.

ऑगस्टअखेर ती आली तेव्हा मी पुन्हा विचारलं, उठवलंस का कोणाला?

"एकदाच," ती म्हणाली. "आय म्हणाली, बरं झालं आलीस. मग आम्ही चहा केला."