न्हाणीमागची व्हॅनिला

आमच्या वसमतला उन्हाळा आधी नाकाला कळतो. फेब्रुवारी लागला की शिवारात हळदीचे कुकर पेटतात. घरातले शिट्टीचे नव्हेत. ट्रॅक्टरमागं ओढत आणायचे, मोठमोठ्या पिंपांचे. वाफ सुटली की ओला, मातकट, जरा कडवट वास गावात शिरतो आणि दोरीवरच्या कपड्यांत जाऊन बसतो. बाहेरचा पाहुणा नाक मुरडतो, आम्हाला तो जाणवतही नाही. 2024 साली 'वसमत हळद' या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "आता सरकारलाबी वास आला म्हणायचा." अशा गावात न्हाणीघराच्या मागं मी व्हॅनिला लावली आहे असं सांगितलं, की लोक आधी आइस्क्रीमचं नाव घेतात, मग वेलीकडं बघतात, मग माझ्याकडं.

"ह्याची वेल असती व्हय?" हा ठरलेला प्रश्न. असते. करंगळीएवढी जाड, हिरवीगार, मांसल दोरी. प्रत्येक पेराला एक चपटं, गुळगुळीत पान आणि पानाच्या समोरच्या बाजूला एक पांढुरकं मूळ. ते हवेत चाचपडत पुढं येतं आणि जे सापडेल त्याला घट्ट धरून बसतं. पान मोडलं तर बुळबुळीत रस येतो, आणि तो अंगाला लागला तर चांगली खाज सुटते. आपल्या सुरणाची आठवण व्हावी अशी. ही आमरीच्या कुळातली. आमरी म्हणजे ज्यांना आता सगळे ऑर्किड म्हणतात त्या. आमच्याकडंही जुन्या आंब्यांच्या, बाभळींच्या खोडांवर एक आमरी असते. लोक तिला बांडगूळ समजून ओरबाडून टाकतात. बिचारी झाडाचं काही खात नाही, नुसती टेकलेली असते. शास्त्रज्ञांनी तिच्या प्रजातीला 'वँडा' नाव दिलं, ते आपल्या संस्कृतातून उचलून. आमरीच्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात चवीसाठी म्हणून शेतात लावली जाणारी जवळजवळ ही एकटीच, व्हॅनिला.

माझ्याकडं ती कुडाळकडून आली. तिथं माझ्या आतेबहिणीची सुपारीची वाडी आहे. 2000 साली मादागास्करला मोठं वादळ झालं, तिकडची व्हॅनिला आडवी झाली आणि जगभर भाव चढत गेले. 2003 च्या सुमारास केरळ-कर्नाटकात ओल्या शेंगांचा किलोचा भाव हजारांत बोलला जात होता. कोकणातही पुष्कळांच्या डोक्यात ती शिरली; बहिणीच्या सासऱ्यांनी सुपारीखाली दोनशे वेली लावल्या. वेलीला शेंग धरायला तीन वर्षं लागतात. ती तीन वर्षं झाली आणि भाव कोसळला. मला हे ऐकताना नवल वाटलं नाही. हळदीनंही 2010 साली आम्हाला असंच स्वर्गात नेलं होतं, क्विंटलला पंधरा हजारांच्या पुढं. दोन वर्षांत खाली आणून आपटलं. फरक एवढाच, की हळद पडली तरी दुसऱ्या वर्षी बेणं लावतोच आपण. कोकणातल्या वाडीत मात्र वेली तशाच सुटल्या, झाडांवर चढत गेल्या, कुणी त्यांच्याकडं बघेना. त्यातल्याच एकीचा दोन हात लांबीचा तुकडा वर्तमानपत्रात गुंडाळून मी आणला. दीड दिवसाच्या प्रवासात तो सुकला म्हणून मी हळहळत होते. नंतर कळलं, लावण्याआधी तुकडा आठवडाभर सावलीत सुकवतातच. म्हणजे एसटीनं निम्मं काम फुकट करून दिलं होतं.

पहिली वेल मी मारली. सरळ काळ्या मातीत लावली, हौसेनं रोज पाणी घातलं. आमची काळी माती पाणी धरते, ही तिची थोरवी. पण व्हॅनिलाच्या मुळांना तेच विष. पावसाळा संपायच्या आत बुडखा काळा पडला. दुसऱ्या वेळी शहाणी झाले. विटांचे तुकडे, नारळाचा काथ्या, लिंबाचा कुजलेला पाला आणि मूठभर जुनं शेणखत, एवढ्यावरच तिला बसवली, आणि चढायला काथ्या गुंडाळलेला बांबू दिला. न्हाणीच्या मागची भिंत कायम ओलसर असते आणि वरून लिंबाची सावली येते. घरातली ती सगळ्यात टाकाऊ जागा. तिला नेमकी तीच मानवली. बोअरचं पाणी मात्र चालेना. पानांवर पांढरा थर धरायचा. तेव्हापासून पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवते आणि ते तिला तीर्थासारखं देते. साबणाचं पाणी तिकडं जाऊ नये म्हणून मोरीचं तोंड फिरवून घेतलं. त्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

खरी परीक्षा एप्रिल-मे. या वेलीला हवा हवी दमट, कोकणासारखी. ऊन चाळणीतून गाळून आलेलं. आमच्याकडं पारा बेचाळीसवर आणि हवा पापडासारखी. शेडनेट लावलं, भोवती ओली तरटं टांगली, तरी पानं सुरकुतायला लागली. शेवटी मी माळ्यावरचा जुना कूलर उतरवला, टपात पाणी भरलं आणि त्याचं तोंड वेलीकडं करून ठेवला. दुपारी अकरा ते पाच. "माणसं उकडायलीत अन् झाडाला कूलर!" असं मिस्टर म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी खुर्ची उचलून स्वतःच न्हाणीमागं जाऊन बसले. मे महिन्यातलं आमच्या घरातलं सगळ्यात गार ठिकाण आता तेच आहे.

वेल नुसती वाढू दिली तर वरवर जाते आणि फुलत नाही. हात पोचेल एवढ्या उंचीवरून तिला परत खाली वळवावं लागतं, लोंबती ठेवावी लागते आणि मग शेंडा खुडावा लागतो. चौथ्या वर्षी, मार्चमध्ये, पानाच्या बेचक्यात कणसासारखा एक कोंब आला. त्यावर चौदा कळ्या मोजल्या. पहिली कधी उमलली ते मला कळलंच नाही. शाळेतून आले तर एक पिवळट-हिरवं फूल मिटून, मलूल होऊन लोंबत होतं. व्हॅनिलाचं फूल एकाच सकाळचं. पहाटे उघडतं, ऊन चढलं की संपलं. दुसरं फूलही तसंच गेलं.

तिच्या मायदेशी, मेक्सिकोत, रानातल्या माश्या फुलांचं काम करतात असं म्हणतात. बाहेर कुठंही हे काम हातानंच करावं लागतं. हे माहीत नव्हतं तोवर युरोपातल्या मोठमोठ्या लोकांनी ही वेल जहाजांतून गरम बेटांवर नेली, लावली, वाढवली. फुलं आली, शेंग काही येईना. 1836 साली बेल्जियमच्या एका प्राध्यापकानं काचघरात शेंग धरवून दाखवली, पण मळ्यात उपयोगी पडेल अशी युक्ती काढली ती रेयुनियन बेटावरच्या एका पोरानं, 1841 मध्ये. त्याचं नाव एडमंड. वय बारा. गुलाम. आई बाळंतपणातच गेलेली. मालकाच्या बागेत व्हॅनिलाची वीस वर्षांची वांझ वेल होती. एके दिवशी फिरताना मालकाला तिच्यावर दोन शेंगा दिसल्या. एडमंड म्हणाला, मी केलं. मालकाला खरं वाटेना. मग पोरानं फूल फाडून, काडीनं दाखवलं. मालकानंच त्याला आधी कलिंगडाच्या जातीच्या एका वेलीची फुलं हातानं फळवायला शिकवलं होतं, ते त्यानं इथं लावून बघितलं. ती युक्ती बेटभर गेली, बेटाबाहेर गेली, मादागास्करला गेली. आजही जगात बाजारात येणारी जवळजवळ प्रत्येक शेंग त्याच युक्तीची आहे. 1848 साली गुलामी उठली तेव्हा त्याला आडनाव मिळालं, आल्बियस. त्याचं मूळ लॅटिनमधल्या पांढऱ्या रंगाच्या शब्दात आहे. काळ्या पोराला हे आडनाव देणाऱ्याची थट्टा मला अजून पचलेली नाही. पुढं एका नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञानं शोध आपलाच म्हणून सांगितलं. मालक मात्र शेवटपर्यंत एडमंडच्या बाजूनं साक्ष देत राहिला. 1880 मध्ये एडमंड दवाखान्यात दरिद्री मेला.

हे सगळं मी वाचलं होतं. पण हातातली काडी थरथरायची ती थरथरायचीच. तिसरं फूल माझ्याच नखानं फाटलं. चौथ्या दिवशी पहाटे गल्लीतली कौसामावशी दूध घालायला आली. (नाव बदललं आहे, तिला तिचं नाव छापून आलेलं आवडत नाही.) "काय करायलीस बाई, येवढ्या सकाळी?" म्हणून ती डोकावली. मी सांगितलं. कॅन खाली ठेवून तिनं पदर खोचला. ऐन तरुणपणी सहा-सात हंगाम ती क्रॉसिंगला गेली होती, कपाशीच्या बियाणाच्या प्लॉटवर. सांजच्याला फुलाचा नर काढायचा, सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा, दिवसाला शेकड्यांनी.

तिनं माझ्या हातातली टूथपिक बाजूला टाकली आणि खराट्याची एक हीर मोडून घेतली. डाव्या हाताच्या तळव्यात फूल उताणं धरलं. पन्हाळीसारखी गुंडाळलेली पाकळी हिरीनं खालपर्यंत चिरली. आत एक छोटा, पांढरट दांडा उभा. त्याच्या टोकाला टोपीखाली पिवळी, चिकट परागाची गोळी; खाली चकाकणारा ओला खड्डा; आणि दोघांच्या मधे कांद्याच्या पापुद्र्याएवढा पडदा. "हे काय मधीच?" ती म्हणाली. तोच तर अडथळा, मी सांगितलं. तिनं हिरीच्या टोकानं पडदा वर उचलून मागं सारला आणि अंगठ्यानं टोपी हलकेच खाली दाबली. पिवळं ओल्याला चिकटलं. हीर निघाली. चहा गाळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. "कपाशीच्या फुलात असला पडदा नसतोय," एवढंच म्हणून तिनं कॅन उचलला. पुढं आठवडाभर ती रोज यायची. आठ फुलं तिनं लावली. एका घोसाला आठ-दहाच्या वर शेंगा धरू नयेत, वेल थकते. उरलेली आम्ही गळू दिली. लावलेली आठही दुसऱ्या दिवशी जागेवर होती. फूल गळालं नाही की समजायचं, लागलं.

दीड महिन्यात शेंगा वीतभर झाल्या. आणि मग नुसत्या लोंबत राहिल्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दसरा-दिवाळी झाली. एक खारीनं नेली. डिसेंबरात टोकं पिवळी पडली तेव्हा सात शेंगा काढल्या आणि हुंगल्या. वास काहीच नाही. गवाराची शेंग बरी.

इथून पुढं ताबा आत्याबाईंनी घेतला. मी पुस्तकातलं वाचून दाखवायचे आणि त्या "मग? ठाऊक हाय" म्हणायच्या. शेंगा पासष्ट अंशांच्या पाण्यात तीन मिनिटं बुडवायच्या, असं मी म्हटलं. "हळदीला उकळी लागती, हिला चटका पुरं," त्या म्हणाल्या. शाळेतला थर्मामीटर मी आणला होता. त्यांनी पाण्यात बोट घालून आधीच सांगितलं, अजून नाही झालं. मग गरम शेंगा जुन्या लुगड्यात गुंडाळून, डब्यात घालून, डबा गोधडीत. पुस्तकं याला घाम आणणं म्हणतात. "ही तर अढी की!" आत्याबाई म्हणाल्या. दोन दिवसांनी उघडलं तर शेंगा चॉकलेटी पडलेल्या आणि वासाची पहिली झुळूक. शेंगेत वास असतोच, पण साखरेला बांधलेला. चटक्यानं शेंग मरते, घाम येतो, तेव्हा तो सुटतो. मग रोज दोन-तीन तास उन्हात, ऊन उतरायच्या आत परत लुगड्यात, आठवडाभर. पुढं तीन आठवडे सावलीत. मग डबा बंद. आमची कोरडी हवा, जी वर्षभर वेलीच्या जिवावर उठलेली, ती या कामात मात्र सोन्यासारखी. कोकणात शेंगांना बुरशी लागते म्हणून बहीण रडायची. माझ्या एकीलाही लागली नाही. ओल्या सहा किलोंच्या वाळून एक किलो होतात. हळदीचं पाचाला एक. आत्याबाईंना हा हिशेब फारसा वाईट वाटला नाही.

बाटलीतलं इसेन्स म्हणजे यातलं फक्त व्हॅनिलिन. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी 1874 मध्ये ते पाइनच्या रसातून बनवलं आणि पुढं ते इतकं स्वस्त झालं की आता नानकटाईपासून उदबत्तीपर्यंत सगळीकडं तेच. त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. आमची दिवाळी त्याच्यावरच निघते. पण फेब्रुवारीत, बाहेर हळदीचे कुकर पेटलेले असताना डबा उघडला, तेव्हा त्यातून आलेलं काहीतरी वेगळंच होतं. गूळ, मनुका, जुनी लाकडी पेटी, थोडा तंबाखू. एक शेंग चिरून साखरेत पुरली, एकीची बासुंदी केली, एक कौसामावशीला दिली. ती तिनं कपड्यांच्या ट्रंकेत ठेवली आहे. आत्याबाईंनी शेंग नाकाशी धरून बराच वेळ डोळे मिटले. "बरा हाय वास," त्या म्हणाल्या. "पण हळदीच्या वासानं घर चालतं. ह्याच्यानं नुसती भूक लागती."

तेव्हा हिंगोली जिल्ह्यात कुणी एकरानं व्हॅनिला लावा म्हणून सांगायला आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा. एखादी वेल मात्र न्हाणीमागं खुशाल लावा. बेणं माझ्याकडं आहे. मृग लागला की या, दोन हात लांब तुकडा कापून देईन. येताना वर्तमानपत्र आणा, आणि पावसाचं पाणी धरायला घरी ड्रम असेल तरच या.