साडेतीन तासांची सोय

जपान भारताच्या साडेतीन तास पुढे आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. मला त्याची मोठी सोय होते. क्योतोत रविवारी सकाळचे सहा वाजतात तेव्हा पुण्यात अडीच. आई झोपलेली, व्हॉट्सॲपचे ग्रुपही गप्प. तेव्हा मी कामो नदीवर जाते. देमाचियानागीला ताकानो नदी येऊन मिळते, तिथे पात्रात कासवाच्या आकाराचे दगड आहेत. काठावर बसून थर्मासमधला चहा पिते. बस्स.

तुम्ही म्हणाल, परदेशात एकटीला एकांताची काय कमतरता? एकटेपणा भरपूर असतो हो, एकांत नसतो. आठवडाभर लॅबमध्ये मोडक्यातोडक्या जपानीत बोलून डोकं दमतं, शनिवारी मराठी मंडळींत हसून हसून गाल. (त्यांच्याकडची पुरणपोळी मात्र सोडवत नाही.)

मागच्या महिन्यात भल्या पहाटे आईचा फोन आला. तिला झोप लागत नव्हती. "लॅबमध्ये आहे गं," म्हणून मी ठेवून दिला.

संध्याकाळी ती म्हणाली, "मागे पाणी वाजत होतं. नदीवर होतीस ना? तसं सांगायचं. मी गप्प बसले असते."

त्यानंतरच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा, साडेनऊला गेले. तिकडे सहा वाजले होते. आईला फोन लावला आणि शेजारी ठेवला. चहा संपेपर्यंत दोघीही काही बोललो नाही.