सगळेंच सापेक्ष?

‘जगांत सगळेंच सापेक्ष आहे, आइन्स्टाइननें दुसरें काय सांगितलें?’ हें वाक्य मीं आजवर किती वेळां फेंकलें असेल, याची गणती नाहीं. वादांत हरूं लागलेल्या माणसाला तें फार उपयोगी पडतें! परवां वडिलार्जित घराच्या वांटणीचीं बोलणीं चाललीं होतीं. माडीवरची खोली आत्याला तहहयात देण्याचा शब्द वडिलांनीं दिला होता. तो आतां आम्हां भावांना अडचणीचा वाटूं लागला होता. मीं तें ठेवणींतलें वाक्य बाहेर काढलें.

रात्रीं, पदार्थविज्ञान शिकणारी माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, आइन्स्टाइन तसें म्हणाले नाहींत.’ आणि तिनें मला म्यूऑनची हकीकत ऐकविली.

हा सूक्ष्म कण सुमारें १५ किलोमीटर उंचीवर जन्मतो. त्याचें सरासरी आयुष्य सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या अवघें २.२ पट. प्रकाशाच्या वेगानें, म्हणजे सेकंदाला सुमारें तीन लाख किलोमीटर, धांवला तरी सातशें मीटरांच्या आंतच त्याचा ग्रंथ आटोपावयाचा. पण असे असंख्य कण जमिनीवर येऊन पोंचतात! रॉसी व हॉल यांनीं कोलोरॅडोंत डोंगरावर आणि खालच्या शहरांत ते मोजून १९४१ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आपण म्हणतों, वेगामुळें म्यूऑनचें घड्याळ मंदावलें. म्यूऑन म्हणेल, ‘माझें घड्याळ ठीक आहे, तुमचें वातावरणच आंखुडलें.’ त्याच्या मापानें १५ किलोमीटर म्हणजे कांहींशें मीटरच. आणि दोघेहि खरे!

‘मग सगळें सापेक्षच झालें कीं!’ मी विजयानें म्हणालों.

‘नाहीं. प्रकाशाचा वेग मात्र दोघांनाहि तेवढाच आढळतो. उभा मोजा, आडवा मोजा. १८८७ सालीं मायकेल्सन व मोर्ले यांना अपेक्षित फरक सांपडला नाहीं. लांबीच आंखुडत असावी, असा तर्क फिट्झजेराल्डनें १८८९ सालीं केला. आइन्स्टाइननीं १९०५ सालीं तो वेगच अढळ मानला. म्हणून लांबीला आणि काळाला नमावें लागलें.’

ती झोंपावयास गेली. मी मात्र बराच वेळ बसून राहिलों. सोयीचा तेवढा अर्धा सिद्धान्त मीं उचलला होता. ज्याच्या आधारावर तो उभा, तें अढळपण सोडून दिलें होतें.

सकाळीं धाकट्या भावाला लिहिलें : ‘अंगण तुझ्या मापानें मोज कीं माझ्या, माझी हरकत नाहीं. आत्याची खोली मात्र मोजावयाची नाहीं.’