आज्जी, तू बोलू नको



गेल्या वेळी पर्वातल्या एकाशनाच्या स्वयंपाकाबद्दल लिहिलं होतं. आजची गोष्टही पर्वातलीच आहे, पण चार वर्षं मी ती कुणाला सांगितली नव्हती. नातवाला विचारलं, लिहू का? तो म्हणाला, "लिही, पण माझं नाव घालू नको." म्हणून नाव नाही.

दशलक्षणातला उत्तम सत्याचा दिवस. संध्याकाळी मंदिरात पाठशाळेच्या ताईंनी मुलांना गोल बसवलं आणि पुस्तकातला एकेक परिच्छेद मोठ्यानं वाचायला सांगितला. आम्ही बायका मागे खांबाला टेकून बसलो होतो. नातू तेव्हा सहावीत. त्याच्याआधी तीन मुलं होती, मग दोन, मग एक. त्याचे कान लाल झालेले मला मागूनही दिसत होते. पुस्तक त्याच्या हातात आलं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "ताई, त्याचा घसा बसलाय हो, पुढच्याला द्या."

पुस्तक पुढे गेलं. मला वाटलं, वाचवलं पोराला.

बाहेर चपला घालताना तो म्हणाला, "आज्जी, माझा घसा बसलेला नव्हता." मी म्हटलं, "असू दे रे." वाटेत कोपऱ्यावर आल्यावर पुन्हा म्हणाला, "आणि आज उत्तम सत्य होतं."

त्या रात्री सामायिकात मन लागलं नाही.

त्याला डिस्लेक्सिया आहे हे तिसरीत कळलं होतं. तोवर आम्ही त्याला आळशी म्हणत होतो, मीसुद्धा. 'मदत' लिहायला सांगितलं की 'मतद' लिहायचा. जोडाक्षर आलं की बैल नांगराला अडावा तसा अडायचा. पुण्याला तपासण्या झाल्या. बुद्धी उत्तम, फक्त अक्षर आणि आवाज यांची सांगड त्याच्या मेंदूत वेगळ्या वाटेनं बसते, असं सांगितलं. ते मला लगेच पटलं, कारण भक्तामराचे ४८ श्लोक त्यानं नुसते माझ्याकडून ऐकून पाठ केले होते. पुस्तकाला हात लावला नव्हता.

मंदिरात काहीजणी म्हणाल्या, ज्ञानावरणीय कर्माचा उदय आहे, एखादं विधान करून घ्या. असेल बाई उदय. पण डोळ्यांना नंबर आला की दर्शनावरणीयाचा उदय म्हणून आपण बसून राहतो का? चष्मा करतो. आणि दरवर्षी श्रुतपंचमीला आपण जिनवाणीची पूजा करतो, तेव्हा श्रुत म्हणजे ऐकलेलं, हे विसरतो. षट्खंडागम लिहून होईपर्यंत हे सगळं ज्ञान गुरूच्या मुखातून शिष्याच्या कानातच तर येत होतं.

हे मी त्या बायकांना ठणकावून सांगितलं, आणि तिथेच माझी चूक सुरू झाली. सगळीकडे मीच सांगत सुटले. शाळेत मी, पाठशाळेत मी, लग्नात भेटलेल्या पाहुण्यांनाही मीच. पाचवीत असताना एकदा शाळेत जाऊन बाईंशी तावातावानं भांडले. सगळा वर्ग ऐकत होता. नंतर पंधरा दिवस मुलं त्याला "आज्जीला बोलवू का?" म्हणून चिडवत होती, हे मला फार उशिरा समजलं.

पर्व संपल्यावर त्याच्या विशेष शिक्षिकेला मी घशाची गोष्ट सांगितली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, मी त्याला काही विचारलं की उत्तर तुम्ही देता, हे तुमच्या लक्षात आलंय का?" आलं नव्हतं. त्या पुढे म्हणाल्या, "वाचनाचा सराव मी घेईन. पण मला काय जमत नाही, मला कशानं सोपं जातं आणि ते कुणाकडे कसं मागायचं, हे त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आलं पाहिजे. कॉलेजात, नोकरीत तुम्ही नसणार."

मग घरी सराव सुरू झाला. एका कागदावर त्यानं दोन रकाने आखले. ते मी शिकवलं, कॉमर्सची आहे ना मी. जमेच्या बाजूला: ऐकलेलं लक्षात राहतं, आकृत्या काढता येतात, मोटर उघडून परत बसवता येते. नावे बाजूला: फळ्यावरचं भरभर उतरवता येत नाही, मोठ्यानं वाचता येत नाही. खाली, काय हवं: प्रश्न कुणीतरी एकदा वाचून दाखवावा, वेळ जास्त मिळावा. मग मी कडक बाई व्हायची आणि तो माझ्यासमोर उभा राहून मागायचा. सुरुवातीला "सॉरी बाई" म्हणूनच सुरू करायचा. ते सॉरी काढायला आम्हाला महिना लागला. सूनबाई म्हणायची, तुम्ही बाई फारच कडक होता. पण तिला ते बघून हसूही यायचं.

मला सगळ्यात जड गेलं ते गप्प बसणं. दुकानात, दवाखान्यात कुणी त्याला काही विचारलं की तो उत्तर जुळवायला वेळ घेतो. तेवढ्यात माझ्या जिभेवर वाक्य तयार असतं. स्वाध्यायात इतकी वर्षं ऐकते, एक द्रव्य दुसऱ्या द्रव्याचं कर्ता नाही, उपादान ज्याचं त्याचं, आपण फार तर निमित्त. मान डोलवून ऐकते आणि घरी येऊन नातवाची कर्ती होते. शेवटी त्यानंच तोडगा काढला. मी बोलायला लागले की तो माझ्या पदराला हळूच ओढ द्यायचा.

नववीत त्यानं पहिल्यांदा एकट्यानं शाळेत जाऊन मागणी केली. एका सरांनी "प्रत्येकाला असं दिलं तर कसं व्हायचं?" म्हणून परत पाठवलं. घरी येऊन तो जेवला नाही. सूर्य मावळायला आला, ताट तसंच. माझे पाय शाळेकडे धावत होते. त्याला विचारलं, "मी येऊ?" म्हणाला, "नको. मुख्याध्यापकांना लिहितो. तू फक्त काना-मात्रा बघ." पत्रात त्यानं लिहिलं की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यांत अध्ययन अक्षमताही आहे. आपण सारखं 'सवलत' म्हणतो ना, त्या पत्रात तो शब्द एकदाही नव्हता. आठवड्यानं जास्त वेळ मिळाला. प्रश्न वाचून दाखवायचं मात्र वार्षिक परीक्षेपर्यंत लांबलं.

आता दहावी. बोर्डाच्या यादीत बरंच काही आहे: तासाला २० मिनिटं जास्त, लेखनिक, आणि गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेण्याची सोय. मी टक्केवारी मांडून दाखवली. लेखनिक आणि अंकगणित घेतलं तर निकाल किती चांगला लागेल, तेही सांगितलं. मुलगाही माझ्या बाजूचा. नातू सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "वेळ घेतो. लेखनिक भाषेच्या पेपरांना घेतो. गणित सगळ्यांचं तेच देणार. मला डिप्लोमा करायचाय, तिथं पहिल्याच वर्षी गणित आहे. तेव्हा काय मला सातवीचं देणारेत?"

मुलगा चिडला. गणितात गेला तर वर्ष जाईल, म्हणाला. ही भीती मलाही आहे, अजून आहे. घटक चाचणीत त्याला भूमितीत चांगले गुण आहेत, बीजगणितात काठावरचे. मी काहीतरी बोलणार होते. पदराला ओढ बसली.

या दशलक्षणात पाठशाळेत पुन्हा वाचन होतं. तो आता मोठ्या मुलांत बसतो. पुस्तक हातात आलं. मी खांबाशी बसून नखं बघत राहिले. तो म्हणाला, "ताई, मला वाचायला वेळ लागतो. तुम्ही एकदा वाचा, मी अर्थ सांगतो." ताईंनी वाचलं. त्यानं अर्थ सांगितला, मध्ये एका ठिकाणी चुकला, ताईंनी दुरुस्त केला, पुस्तक पुढच्या मुलीकडे गेलं. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही.

काल रात्री बोर्डाचा अर्ज घेऊन आला. म्हणाला, "आज्जी, आडनावाचं स्पेलिंग तपास." मी चष्मा लावला. "एवढंच हं," तो म्हणाला, "गणिताच्या रकान्याला हात लावू नको."