कानाला सण कळत नाही

गोव्यातल्या पेडण्याच्या शिगम्यात, म्हणजे होळीच्या सणात, मी ताशा वाजवतो आणि पोटापाण्यासाठी डिचोली तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकवतो. ऐकू कमी येतंय हे मला रोमटात, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीत नव्हे, वर्गात जाणवलं. पोरांचा आवाज पोचायचा, शब्द मात्र पोचायचे नाहीत. कुणी 'साठ' म्हटलं की मला 'आठ' ऐकू यायचं. मागच्या बाकावरची मुलगी सदा पुटपुटते असं वाटायचं. पावसाळ्यातल्या एका रात्री बायको म्हणाली, "अहो, काय हे रातकिडे, कान किटले!" मला फक्त पागोळ्या ऐकू येत होत्या.

म्हापशाला जाऊन कान तपासून घेतले. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. जाड आवाजांना बटण पटापट दाबलं गेलं. बारीक आवाजांच्या वेळी काचेपलीकडून तपासणाऱ्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मी त्यांच्याकडे. नंतर त्यांनी आलेख पुढ्यात ठेवला. बरीचशी सपाट गेलेली रेघ ४००० हर्ट्झपाशी खड्ड्यात उतरली होती आणि पुढे पुन्हा थोडी वर आली होती. "हा खड्डा मोठ्या आवाजाचा. नुसत्या वयानं रेघ उतरते ती उतरतच जाते," बाई म्हणाल्या. डाव्या कानाचा खड्डा जास्त खोल होता. "डावीकडे काय असतं, मास्तर?"

डावीकडे कासाळेवाला असतो, मोठ्या झांजा वाजवणारा.

स, श, फ, थ हे वर्ण ओळखू येतात ते बारीक आवाजांवरून. तेच आधी जातात, स्वर शाबूत राहतात. त्यामुळे आपले कान गेले असं माणसाला वाटतच नाही, लोकच नीट बोलत नाहीत असं वाटतं.

आतल्या कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. त्यांच्यावरचे सूक्ष्म केस आवाजानं हलतात आणि तो हलण्याचा निरोप मेंदूकडे जातो. मार थोडा असेल तर वाऱ्यानं लवलेल्या भातासारख्या त्या पुन्हा उभ्या राहतात. रोमटानंतर कानात दडे बसतात, गुंई आवाज येतो आणि दुसऱ्या दिवशी मोकळं वाटतं, ते त्यामुळे. पण मोकळं वाटलं म्हणजे सगळं भरून आलं असं नाही. वरचेवर मार बसला की या पेशी मरतात आणि माणसाला त्या पुन्हा येत नाहीत. मग श्रवणयंत्राचा आधार घ्यावा लागतो.

हिशेब साधा आहे. ८५ डेसिबल आवाज दिवसाला आठ तासांपर्यंत चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला उरतो जेमतेम पाव तास. सरावात मोबाईलवर मोजलं तर आकडा शंभराच्या वरच खेळत होता. माझ्या एका विद्यार्थ्याचे आजोबा खाणीवर ड्रिल चालवायचे. त्या घरात सगळेच ओरडून बोलतात. खाणीचं ड्रिल, दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या रात्रीचे स्पीकर आणि देवापुढचा ताशा, कानाला सगळं सारखंच. देवाचं म्हणून सूट नाही.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. उघड्यावरचे ध्वनिक्षेपक रात्री १० ते सकाळी ६ बंद ठेवायचे असतात. मोरजी, मांद्रे, हरमलकडे किनाऱ्यावरच्या बारमधल्या संगीतावरून भांडण होतं ते याच मर्यादांवरून. पण हा नियम शेजाऱ्याच्या झोपेचा विचार करतो. बारच्या आत काउंटरमागे उभ्या असलेल्या पोराचं काय? पर्यटक दोन तासांत उठून जातो, आमच्या गावचा पोरगा हंगामभर रोज तिथंच उभा असतो.

आता आमच्या पथकात सगळे फोमचे इअरप्लग घालतात. बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सारायचा आणि तो फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. कापसाच्या बोळ्यानं विशेष काही होत नाही. मधूनमधून वाजवणारे बदलतो आणि लहान मुलांना ढोलांपासून लांब उभं करतो. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की सहाएक डेसिबल कमी होतात. "कानात बूच घालून ताल कसा कळणार?" असं एका जुन्या ढोलवाल्यानं विचारलं होतं. वाजवून बघितल्यावर म्हणाला, "उलट शेजारच्याचा हात नीट कळतो."

पथकाच्या जमाखर्चात फेटे, रंग आणि टेम्पोभाड्याच्या खाली आता इअरप्लगची ओळ असते. किनाऱ्यावरच्या बारमालकांच्या वहीतही ती यायला हवी.