जाऊन येते

परदेशात नोकरी करताना सर्वांत कठीण काय जाते, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा थंडी, जेवण किंवा कामाचा ताण असतो. या गोष्टी कठीण असतात, यात शंका नाही. परंतु त्यांची हळूहळू सवय होते. टोकियोत नऊ वर्षे काढल्यानंतर माझे उत्तर थोडे वेगळे आहे. मला सर्वांत कठीण गेले ते बोलणे. आणि तेही मोठ्या विषयांवरचे नव्हे, तर येता-जाता करावयाचे, चार-दोन शब्दांचे.

जपानी भाषा मी पुण्यात शिकले. त्या बळावर टोकियोतील एका कंपनीत संगणक अभियंता म्हणून रुजू झाले. राहायला जागा मिळाली ती एदोगावा विभागातील निशिकासाई येथे. 2000 सालच्या सुमारापासून भारतीय अभियंत्यांची कुटुंबे या भागात राहू लागली, त्यामुळे डाळी आणि मसाले जवळच मिळत. तेथून तोझाई मार्गाच्या रेल्वेने शहराच्या मध्यभागी जायचे. सकाळची ही गाडी मुंबईच्या लोकलची आठवण करून देईल इतकी भरलेली असे. फरक एवढाच, की त्या गर्दीत कोणी बोलत नसे. जळणारा कचरा कोणत्या वारी टाकायचा, न जळणारा कोणत्या वारी, बाटल्या व कागद केव्हा, याचे वेळापत्रक मी भिंतीवर लावले आणि महिन्याभरात ते अंगवळणी पडले. लिहिलेले नियम पाळणे सोपे असते.

न लिहिलेले नियम कार्यालयात होते. जपानी भाषेतील आदरार्थी बोलण्याला ‘केइगो’ म्हणतात. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरक लहानपणापासून जाणणाऱ्या मराठी माणसाला ते परके वाटू नये, अशी माझी समजूत होती. परंतु बाहेरच्या कंपनीतून दूरध्वनी आला, की आपल्याच वरिष्ठांचा उल्लेख आदरार्थी प्रत्यय गाळून, नुसत्या आडनावाने आणि नम्रतादर्शक क्रियापद वापरून करायचा असतो. कारण बाहेरच्या माणसापुढे वरिष्ठही ‘आपल्यातले’, आणि आपल्यातल्यांना मोठेपणा द्यायचा नसतो. ‘साहेब बाहेर गेले आहेत’ असे म्हणणाऱ्या संस्कारातून आलेल्या माझ्या जिभेला हे कित्येक महिने जड गेले. आदर केवळ वयावर वा हुद्द्यावर ठरत नाही, ऐकणारा कोण आहे यावरही तो ठरतो, हे मला तेव्हा उमगले.

याशिवाय दिवसभर उच्चारायची ठरीव वाक्ये होती. सहकारी भेटला, की ‘ओत्सुकारेसामा’. त्यातील ‘त्सुकारे’ म्हणजे थकवा. समोरच्याच्या श्रमांची दखल घेणारा हा शब्द. इतरांआधी घरी निघताना ‘ओसाकिनि शित्सुरेइशिमास’, म्हणजे तुमच्याआधी निघण्याचे असौजन्य करीत आहे. मी वाढले त्या सांगलीच्या घरात ‘आपल्या माणसांत औपचारिकता कसली?’ हे वाक्य नेहमीचे होते. आपल्याकडे ‘औपचारिक’ या शब्दाला मनापासून नसलेले, कोरडे, असा एक वास असतो. त्यामुळे रोज त्याच वेळी, त्याच स्वरात म्हटलेल्या या वाक्यांत माणूस कोठे आहे, असा प्रश्न मला पडे.

या वाक्यांना दुसरी बाजूही आहे, हे सांगितले पाहिजे. आधी निघण्याबद्दल रोज क्षमा मागायची, तर काम संपल्यावरही उठायला संकोच वाटतो. अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूसाठी ‘करोशी’ हा स्वतंत्र शब्द ज्या देशाला घडवावा लागला, तेथे हा संकोच किरकोळ नाही. 2019 पासून जादा कामाच्या तासांवर कायद्याने मर्यादा आली. परंतु दिवे मालवले तरी मनातील संकोच लगेच मालवत नाही. मी सात वाजता उठे, वाक्य म्हणे आणि निघे. उत्तरादाखल ‘ओत्सुकारेसामा’ येई. ते ऐकल्यावर निघणे सोपे होई, हेही खरे.

घरातून निघताना जपानी माणूस ‘इत्तेकिमास’ म्हणतो. त्याचा शब्दशः अर्थ ‘जाऊन येते’. हे वाक्य पुण्याच्या वर्गात प्रथम ऐकले, तेव्हा मला आईचा उंबरठ्यावरचा आवाज आठवला होता: ‘जाते म्हणू नये, येते म्हणावं.’ जपानीत घरातील माणूस त्यावर ‘इत्तेराश्शाय’, म्हणजे ‘जाऊन ये’ असे उत्तर देतो. माझ्या एका खोलीच्या घरात उत्तर देणारे कोणी नव्हते. तरीही सकाळी कुलूप लावताना मी ते वाक्य पुटपुटत असे, कधी जपानीत, कधी मराठीत.

सहाव्या वर्षी, एका पहाटे, दादाचा फोन आला. वडील गेले होते. भारताचे घड्याळ तेथल्याहून साडेतीन तास मागे. सांगलीत अजून मध्यरात्र सरायची होती. मी पोहोचले तेव्हा सारे आटोपले होते. दहा दिवस घरात माणसे येत होती, काही वेळ मूक बसत होती आणि उठून जात होती. दुःखाच्या घरातून निघताना आपल्याकडे कोणी ‘येतो’ म्हणत नाही. एरवी न चुकता म्हटला जाणारा शब्द तेथे न चुकता गाळला जातो, आणि त्या गाळण्यातच सांत्वन असते.

परतल्यावर कार्यालयातील सहकारी एकेक करून माझ्या मेजापाशी आले. प्रत्येकाने किंचित वाकून ‘गोशूशोसामा’ हा सांत्वनाचा ठरीव शब्द उच्चारला. सर्वांच्या वतीने एक पाकीट मिळाले, काळ्या-पांढऱ्या दोरीने बांधलेले. मृताच्या कुटुंबाला द्यायच्या या रकमेत कोऱ्या नोटा घालत नाहीत. नोटा आधीपासून काढून ठेवल्या होत्या, जणू मृत्यूची वाटच पाहत होतो, असे वाटू नये म्हणून. माझे वडील त्यांतील कोणीही पाहिले नव्हते. स्वतःचे शब्द शोधायचे ठरवले असते, तर बहुतेकजण कदाचित माझ्या मेजापर्यंत आलेच नसते. ठरलेला शब्द होता म्हणून ते आले; आणि त्याला द्यायचे उत्तरही ठरलेले होते, म्हणून मी रडू न फुटता ते देऊ शकले.

ठरीव शब्द पोकळ असतात, ही माझी समजूत त्या दिवशी मावळली. पोकळी असते हे खरे. पण ओंजळीतही पोकळी असते, म्हणूनच तिच्यात काही घेता येते. नव्या देशात रुळणे म्हणजे तेथल्या माणसांसारखे होणे नव्हे. त्यांचे शब्द घेऊन त्यांत आपले सुखदुःख ठेवता येणे, एवढेच ते असावे. हे साधले तेव्हा आपले शब्दही मला अधिक कळले. आता सुट्टीत सांगलीला गेले, की परतीच्या दिवशी आई माझ्या हातावर दही ठेवते. मी ‘येते’ म्हणते. किती महिन्यांनी, ते ती विचारत नाही, ‘ये’ म्हणते.