शिपायाच्या वेशातील स्त्रिया

अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) उत्तर आणि दक्षिण या दोन्ही सैन्यांत स्त्रियांना भरतीची मनाई होती. तरीही शेकडो जणी पुरुषाचे नाव आणि वेश घेऊन लढल्या. सैनिकांच्या मदतकार्यात अग्रभागी असलेल्या मेरी लिव्हरमोर यांनी हा आकडा चारशेच्या आसपास धरला होता. ज्यांचे गुपित कधीच फुटले नाही, त्यांची गणना कुठेच नाही.

नियमाप्रमाणे रंगरुटाची पूर्ण तपासणी व्हायला हवी होती. पण माणसांची निकड मोठी होती. चाप ओढायला बोटे आणि काडतुसाचा कागद फाडायला पुढचे दात शाबूत असले, की अनेक डॉक्टर तेवढ्यावर भागवत. वय वाढवून सांगणारी पोरेही सर्रास भरती होत असल्याने मिसरूड न फुटलेला चेहरा कोणाला खटकत नसे. गणवेश ढगळ होता, शिपाई अंगावरच्या कपड्यांनिशी झोपत आणि आंघोळ क्वचितच करत.

सैन्यात शिरण्यामागे देशप्रेम होते, नवऱ्याची सोबत होती, तशी पैशाची गरजही होती. न्यूयॉर्क राज्यातील शेतकऱ्याची मुलगी सारा रोझेटा वेकमन आधी पुरुषवेशात कालव्यावरील नावेवर कामाला लागली आणि १८६२ मध्ये ‘लायन्स वेकमन’ या नावाने १५३व्या न्यूयॉर्क पलटणीत भरती झाली. उत्तरेकडील साध्या शिपायाला महिना १३ डॉलर पगार होता. ती घरी पैसे आणि पत्रे पाठवी. जून १८६४ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या लष्करी रुग्णालयात जुलाबाच्या आजाराने तिचा मृत्यू झाला. कबरीवर शिपायाचेच नाव कोरले गेले. घरच्यांनी जपलेली तिची पत्रे १९९४ मध्ये पुस्तकरूपाने आली.

गुपित बहुधा जखम, आजारपण किंवा बाळंतपणामुळे फुटे. दुसऱ्या मिशिगन पलटणीत ‘फ्रँक्लिन थॉम्पसन’ म्हणून वावरणाऱ्या सारा एमा एडमंड्सने १८६३ मध्ये हिवतापाने गाठल्यावर, रुग्णालयात ओळख उघड होईल या भीतीने पलटण सोडली. तिच्यावर पळपुटेपणाचा ठपका बसला. जुन्या सोबत्यांनी तिच्या बाजूने साक्ष दिली आणि १८८४ मध्ये काँग्रेसने तिला महिना १२ डॉलर पेन्शन मंजूर केली. असे असूनही १९०९ मध्ये लष्करी कार्यालयाने कळवले, की कोणी स्त्री सैन्यात दाखल झाल्याची अधिकृत नोंद आढळत नाही.

हा दावा फोल ठरवणारे आणखी एक प्रकरण लवकरच पुढे आले. आयर्लंडमध्ये जेनी हॉजर्स या नावाने जन्मलेले अल्बर्ट कॅशियर ९५व्या इलिनॉय पलटणीत तीन वर्षे होते. व्हिक्सबर्गच्या वेढ्यातही त्यांचा सहभाग होता. युद्धानंतरही त्यांनी पुरुष म्हणूनच आयुष्य काढले. १९११ मध्ये मोटारीच्या अपघातात पाय मोडला आणि उपचारांत सत्य उघड झाले. पुढे मनोरुग्णालयात त्यांना बळजबरीने स्कर्ट नेसवण्यात आला. ही निव्वळ क्रूरता होती. पेन्शन खात्याने चौकशी लावली, तेव्हा पलटणीतल्या सोबत्यांनी हाच आपला कॅशियर, अशी ग्वाही दिली. पेन्शन चालू राहिली. १९१५ मध्ये त्यांचे दफन गणवेशात, लष्करी इतमामाने झाले.